विश्लेषण : मृत्युपत्र फक्त श्रीमंतांनीच करायचे असते का?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगेत आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, सन १७०० च्या सुमारास राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे गेला, त्याचे मूळ एका घरगुती भांडणात आहे. देवगडचा राजा चांद सुलतान १७३९ मध्ये वारला आणि वली शाहने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. रघूजींनी बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह या भावांना गादी मिळवून दिली आणि मदतीचा मोबदलाही घेतला. काही वर्षांत भावाभावांत फाटले, रघूजी पुन्हा आले आणि १७४३ नंतर खरी सत्ता त्यांच्याच हाती राहिली. गोंड राजा नागपुरात नावाचा राजा उरला.

आज आंबागड परिसरातल्या घरांत राज्य वाटायचे नसते. धानाची दोन-चार एकर जमीन, राहते घर, बँकेतली ठेव, विम्याची पॉलिसी आणि थोडे दागिने, एवढीच बहुतेकांची मालमत्ता. पण घरात वाद पेटला की बाहेरचा तिसरा माणूस आजही शिरतो. कधी तो सावकार असतो, कधी जमिनीचा दलाल, तर कधी वर्षानुवर्षे चालणारा दिवाणी दावा.

सातबारावर मृताचे नाव राहिले तर काय अडते?

आधारभूत केंद्रावर धान विकायचे तर सातबारा लागतो. सेवा सहकारी संस्थेचे पीककर्ज, पीकविमा, पीएम किसानचा हप्ता, नुकसानभरपाई या सगळ्यांचा आधारही तोच. नाव वडिलांचे आणि नांगर मुलाचा, अशी स्थिती राहिली की प्रत्येक ठिकाणी संमतिपत्रे गोळा करत फिरावे लागते. एका भावाशी बोलणे बंद असले, तर सगळेच थांबते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने आपल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत द्यायची असते. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, अर्ज करता येतो. ‘ई-हक्क’ प्रणालीवर तो ऑनलाइनही करता येतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली. ही मोहीमच घ्यावी लागली, यावरून दुखणे किती जुने आहे ते कळते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. फेरफार ही महसुली नोंद आहे. मालकीचा वाद झाला तर निकाल दिवाणी न्यायालयच देते.

मृत्युपत्र नसेल तर वाटे कसे पडतात?

हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी वर्ग एकच्या वारसांना जाते. समजा, त्याच्यामागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. मग पाच समान वाटे पडतात. पाच एकर जमीन असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक एकर. मुलीचे लग्न झाले की हक्क संपला, हा गावोगावचा समज चुकीचा आहे. वडील मात्र वर्ग एकमध्ये येत नाहीत. मुलाच्या कमाईवर अवलंबून असलेल्या वृद्ध वडिलांच्या हाती त्यामुळे काहीच येत नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली होती. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. वडिलोपार्जित मालमत्तेपैकी माणूस फक्त स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करू शकतो, इतरांच्या हिश्श्याचे नाही.

गोंड कुटुंबांना हाच कायदा लागू होतो का?

आंबागड हा गोंड राज्याचा किल्ला, म्हणून हा प्रश्न इथे आणखी महत्त्वाचा. कलम २(२) नुसार केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिथे जमातीची रूढी पाहिली जाते. या फटीत अनेक मुलींचे वाटे बुडाले. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्यासाठी त्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. शिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावे करण्यावर राज्यात कडक निर्बंध आहेत. त्यामुळे अशा कुटुंबांनी कोणताही कागद करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा. अनुसूचित जमातींना आणि महिलांना तो मोफत मिळतो.

मुस्लीम कुटुंबांसाठी नियम वेगळे आहेत. तिथे वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते.

नॉमिनी म्हणजे मालक का?

नाही. मराठी घराघरांच्या भिंतीवर असणाऱ्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांचे २०१३ मध्ये निधन झाले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमले होते. नॉमिनी म्हणून नाव असणारेच पूर्ण मालक की मृत्युपत्राप्रमाणे वाटप व्हायचे, यावरून कुटुंबात वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयातून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला : शेअर आणि रोख्यांवर नॉमिनी नेमल्याने वारसा कायदा बाजूला पडत नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते कोणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. ते नक्की नेमावेत, पैसे लवकर हाती येतात. मात्र मृत्युपत्रात एक नाव आणि बँकेत दुसरे, असे ठेवून भांडणाचे बी पेरू नये.

मृत्युपत्र करायला किती खर्च येतो?

साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि त्याच्यासमोर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. वाद झाल्यास किमान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे राहावे लागते, म्हणून साक्षीदार वयाने लहान निवडावेत. गट क्रमांक, घर क्रमांक, खाते क्रमांक स्पष्ट लिहावेत. एखाद्या वारसाला कमी द्यायचे असेल, तर त्याचे कारण लिहावे. दुय्यम निबंधक कार्यालयात नाममात्र शुल्कात नोंदणी करून घेतली, तर पुढे खोटेपणाचा आरोप टिकणे अवघड जाते. मन बदलले तर मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, शेवटचे तेवढे ग्राह्य.

जिवंतपणीच नावावर करून द्यावे का?

बक्षीसपत्र नोंदले की मालकी लगेच जाते, मागाहून पश्चात्ताप करून उपयोग नसतो. सांभाळ करण्याची अट लिहून दिलेले हस्तांतरण ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार रद्द करून घेता येते. म्हणून ती अट कागदावर असलीच पाहिजे. हयातीतच वाटणी करायची असेल, तर संहितेच्या कलम ८५ नुसार सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला.

मग गाडे अडते कुठे?

‘मरणाचे बोलू नये’ या संकोचात. आणि दुसरे, बहिणीच्या हक्कसोडपत्रात. भाऊबीजेच्या ओवाळणीच्या बदल्यात एकरभर जमीन सोडून देण्याची अपेक्षा घरोघरी गृहीत धरली जाते. सही करणारीला आपण काय सोडतो आहोत हे समजले आहे का, हे कोणी विचारत नाही. हक्क सोडायचा की ठेवायचा, हा तिचा निर्णय आहे. तो तिने माहिती घेऊन, दडपणाशिवाय घेतला तरच त्याला अर्थ आहे.

‘जिवंत सातबारा’ मोहीम माणूस गेल्यानंतरची डागडुजी करते. महसूल विभाग, ग्रामपंचायत आणि विधी सेवा प्राधिकरणाने धान कापणीनंतरच्या सवडीच्या दिवसांत गावातच शिबिरे घेतली, तर ही वेळच येणार नाही. तिथे मृत्युपत्राचा साधा मराठी नमुना मिळावा, वारसांचे हक्क समजावून सांगावेत आणि त्यासाठी मुलीसुनांनाही बोलवावे.

श्रीमंताकडे वकील असतो, दावा लढवायला पैसा असतो. दोन एकरवाल्याचा दावा मात्र ती दोन एकरच खाऊन टाकतो. म्हणून मृत्युपत्राची खरी गरज त्यालाच जास्त आहे.