उद्योजकतेला पेपर नको, गिऱ्हाईक हवे



नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभियांत्रिकीच्या पदवीत उद्योजकतेला जागा मिळाली, फील्ड प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपही आली. त्याचे मनापासून स्वागत. पण हा विषय तीन तासांच्या पेपरात कोंबला, तर मुले उद्योजकाचे गुण पाठ करतील आणि पदवी हातात पडताच नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतील.

उद्योजक कसा घडतो, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पाहून कळते. ते मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापायचे यंत्र केले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. ती समजूत मोडायला काळ जावा लागला. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० मध्ये. गिऱ्हाईक नाही म्हणते तेव्हा काय करायचे, हे आपल्या मुलांना शिकायला मिळावे.

त्यासाठी फार लांब जायला नको. तुळजापूर, धाराशिवला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. ऐन काढणीत भिजलेले सोयाबीन दोन-तीन एकरवाल्याने वाळवायचे कसे? भूमकडच्या खवा भट्टीचे सरपण कमी कसे करायचे? असा एक प्रश्न दुसऱ्या वर्षीच मुलांच्या गटाला द्यावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा. त्यावर गटाने यंत्र करावे. शेतकऱ्याने किंवा भट्टीवाल्याने ते वापरून काय सांगितले, किती पैसे मोजायची तयारी दाखवली, मग मुलांनी काय बदलले, यावर गुण द्यावेत. यंत्र फसले तरी कारण नीट मांडणाऱ्याला पास करावे. नाहीतर नापास होण्याच्या धास्तीने मुले तयार प्रोजेक्ट विकत आणतील.

प्राध्यापकांनी स्वतः कधी धंदा केलेला नसतो, ही अडचण खरी आहे. म्हणून परीक्षक मंडळात वेल्डिंगवाले, यंत्र दुरुस्त करणारे, शेतकरी बसवावेत. त्यांची पदवी विचारू नये. आमच्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, म्हणून तयार केले, ते गावातच काम करता करता. आरोग्यात जमले ते यंत्रशाळेतही जमेल.

लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाने धाराशिव जिल्ह्यातल्या एका तरी महाविद्यालयात पुढच्या वर्षापासून हा प्रयोग करावा आणि संध्याकाळी कार्यशाळा मुलांसाठी उघड्या ठेवाव्यात, ही विनंती.

— एक पालक, अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव