डिस्क बिघडली असे म्हणण्यापूर्वी

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा बाजारभाव, कर आणि उधारी या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकारी माणसे लिहितीलच, या खात्रीने मी एक निराळा विषय निवडला. आपल्यापैकी पुष्कळांनी हल्ली घरी किंवा पेढीच्या माडीवर साठवणुकीचा एक लहानसा सर्व्हर मांडला आहे, किंवा मांडण्याच्या विचारात आहेत. दुकानाचे हिशेब, बिलांच्या प्रती, लग्नकार्यांच्या चित्रफिती, मुलाबाळांची छायाचित्रे, सारे त्या एका पेटीत राहते. ही पेटी बसविताना केव्हा ना केव्हा हार्ड डिस्क बिघडल्याची वर्दी येते, आणि त्या घटकेला आपण जे करतो ते बहुधा चुकीचे असते, असे माझे स्वानुभवाने मत झाले आहे. सभासद बंधुभगिनींनी ते पारखून पाहावे.

आमच्या घरचीच हकीकत सांगतो. पेढीवरचा एक जुना संगणक निवृत्त झाला होता. पुतण्याने तो माडीवर नेला, चार चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क त्यात बसविल्या आणि एकीवरचा मजकूर जसाच्या तसा दुसरीवरही उमटत राहील अशी व्यवस्था केली. पहिल्या रात्री मजकूर भरण्यास लावला. सकाळी पाहतो तो दुसरी डिस्क यादीतून बेपत्ता! यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की ती हजर होई, आणि काही तासांनी पुन्हा नाहीशी. “काका, डिस्कच सदोष निघाली,” असा निकाल पुतण्याने दिला. नवी आणली. तिसऱ्या दिवशी तिचीही तीच गत. विक्रेत्याशी माझी थोडी बाचाबाची झाली, आणि ती आठवली की आजही संकोच वाटतो. कारण दोष दोहोंपैकी एकाही डिस्कचा नव्हता. संगणक आणि डिस्क यांना जोडणारी वीतभर केबल सैल झाली होती. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू!

हे उमगले कसे, ते सांगण्याजोगे आहे. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची रोजकीर्द आपल्याच पोटात लिहीत असते. तिला ‘स्मार्ट’ असे नाव आहे, आणि ती वाचून दाखविणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. त्या रोजकीर्दीत नोंदी पुष्कळ. परंतु व्यापाऱ्याने चारच लक्षात ठेवाव्यात. पाचव्या क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्कने कायमचे बाद ठरवून त्यांच्या जागी राखीव जागा दिलेले तुकडे. आपल्या भाषेत बुडीत खाती. एकशे सत्त्याण्णव म्हणजे वाचताना अडखळलेले, ज्यांचा निकाल अद्याप लागायचा आहे असे तुकडे. हे संशयित येणे. एकशे अठ्ठ्याण्णव म्हणजे तपासणीअंती वाचता न आलेले. आणि एकशे नव्याण्णव? ही नोंद मालाची नव्हेच, वाहतुकीची. डिस्क आणि संगणक यांच्यामधल्या वाटेवर मजकूर किती वेळा खराब झाला, त्याची ती मोजणी. आमच्या टाकून दिलेल्या डिस्कची पहिली तिन्ही खाती शून्यावर होती आणि चौथे काही हजारांवर गेले होते. गोदाम शाबूत, माल वाटेत फुटत होता. आणि आम्ही गोदाम बदलीत बसलो होतो. केबल बदलल्यावर हा आकडा शून्य होत नाही, तो जन्मभराचा असतो. पण वाढणे थांबते. थांबले की समजावे, दोष तेथेच होता.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, शोध स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत न्यावा. प्रथम वीज पाहावी. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना बारा व्होल्टच्या तारेवरून सुमारे दोन अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम उठल्या तर आठ अँपिअर झाले, आणि जुना, थकलेला वीजपुरवठा त्या क्षणी मान टाकतो. मग केबल. मग ज्या खोबणीत ती बसते ती खोबण. डिस्कांची अदलाबदल करून पाहावी, दुखणे डिस्कबरोबर गेले की खोबणीपाशीच राहिले ते कळते. डिस्कवर संशय घेण्याची पाळी सर्वांत शेवटी. एक चमत्कारिक प्रकार मुद्दाम नोंदवितो. बाहेरून जोडावयाच्या पेटीतील डिस्क काढून आत बसविली की काही वेळा ती फिरतच नाही, मेल्यासारखी पडून राहते. नव्या प्रमाणानुसार वीजजोडणीतील तिसरी पिन डिस्कला ‘थांब’ असे सांगण्यासाठी वापरतात. जुने वीजपुरवठे त्याच पिनेवर सदैव ३.३ व्होल्ट सोडीत असतात, आणि बिचारी डिस्क हुकूम पाळीत बसते. तेवढी तार नसलेली जोडणी लावली की ती निमूटपणे चालू होते. अशा किती निरोगी डिस्क भंगारात गेल्या असतील कोण जाणे.

तथापि डिस्क खरोखरीच बिघडतात, हे विसरून चालणार नाही. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज फोनवर काढलेले एखादे छायाचित्र तेवढी जागा घेते. हा संकोच ज्या सूक्ष्मतेने साधला, तिचे मोल असे की, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून वाचनाची टोके अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातात. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. म्हणून डिस्क कट्कट् आवाज करू लागली तर ‘पुन्हा एकदा चालवून पाहू’ हा मोह आवरावा आणि वीज बंद करावी. ती उघडून पाहणे किंवा थंडपेटीत ठेवणे हे उपाय सांगणारे हितचिंतक प्रत्येक गल्लीत भेटतात. त्यांचा चहा घ्यावा, सल्ला घेऊ नये.

कारखानदार आपल्या पत्रकात वर्षाला शंभरांत एकही डिस्क बिघडणार नाही, असे सुचविणारे आकडे छापतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली प्रत्यक्ष वापरातील सुमारे एक लाख डिस्कांचा हिशेब तपासला, तो वर्षाला साधारणपणे शंभरांत दोन ते चार बदलाव्या लागत, आणि काही ठिकाणी तेरापर्यंत मजल गेली होती. त्याच वर्षी गूगलने आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील साठ दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कपेक्षा एकोणचाळीस पट अधिक, असे त्यात दिसले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मेलेल्या डिस्कांपैकी छत्तीस टक्क्यांहून अधिकांनी, तापमान सोडले तर, रोजकीर्दीत कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. तेव्हा आकडे वाईट असले तर भ्यावे. चांगले असले म्हणून निर्धास्त होऊ नये.

नवी डिस्क आणली की तिच्यावर लगेच विश्वास टाकू नये. आधी आरंभापासून शेवटपर्यंत एकदा लिहून आणि एकदा वाचून घ्यावी. चार टेराबाइटच्या डिस्कला एका फेरीस सात-आठ तास लागतात, म्हणजे दोन रात्रींचे काम. नवा नोकर पहिल्याच दिवशी तिजोरीवर कोणी बसवीत नाही. शिवाय डिस्क नवीच आहे ना, हेही पाहावे. २०२५ च्या आरंभी युरोपात हजारो तास वापरलेल्या डिस्क, वापराचा आकडा पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. आणखी एक फसगत २०२० साली बाहेर आली. काही डिस्कांवर मजकुराच्या रांगा मंगळुरी कौलांसारख्या एकीवर एक चढवून लिहितात. मधले एक कौल बदलायचे तर वरची सगळी उचलावी लागतात. कारखानदारांनी अशा डिस्क वेष्टनावर काही न सांगता विकल्या होत्या, त्यांतल्या काही तर घरगुती सर्व्हरसाठीच म्हणून. एक डिस्क गेल्यावर दुसरीवर सारा मजकूर पुन्हा उतरविण्याची वेळ आली की ही कौलारू डिस्क इतकी मंदावते की यंत्र तिलाच मृत समजते. पत्रक वाचून, रचना विचारून, मगच पैसे मोजावेत.

आता जे सांगायचे ते सांगणे मला थोडे जड जाते. पुढच्याच पावसाळ्यात आमची एक डिस्क खरोखर आजारी पडली. संशयित येणे आधी सोळावर, आठवड्याने दोनशेवर गेले. ती बदलायची ठरली. पुतण्या गावाला गेला होता. काम सोपेच म्हणून मी हात घातला. दोन्ही डिस्क दिसायला सारख्या, कोणतीवर काही लिहिलेले नाही. मी निरोगी डिस्क काढली. चूक ध्यानात येताच ती पुन्हा लावली. परंतु यंत्राच्या दृष्टीने ती आता शिळी प्रत झाली होती, आणि त्याने आजारी डिस्कवरचा मजकूर त्या चांगल्या डिस्कवर लिहिण्यास प्रारंभ केला. मी ते दुरुस्तीचे काम चालले आहे अशा समजुतीने समाधानाने पाहत बसलो होतो. पुतण्याने फोनवर ऐकताच, “काका, आधी बटण बंद करा,” असे ओरडून सांगितले, तोवर दीड तास गेला होता.

पेढीचे हिशेब मात्र वाचले; आणि ते सर्व्हरमुळे नव्हे. आमचे दिवाणजी दर शनिवारी संध्याकाळी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून घरी नेत. आम्ही त्यांना हसत असू. गेले ते आत्याबाईंचा आवाज. त्यांनी जात्यावरच्या अकरा ओव्या म्हणून दाखविल्या होत्या, त्यांचे ध्वनिमुद्रण फक्त त्या पेटीत होते. चार परत मिळाल्या. आत्याबाई आता नाहीत.

दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवणे म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली स्वस्त डिस्कांचा समूह बांधण्याची कल्पना मांडली. एक डिस्क मेली तरी काम अडू नये, एवढीच हमी तीत आहे. चुकून पुसलेले दोन्हीकडे पुसले जाते. विजेचा तडाखा दोहोंना एकदम बसतो. म्हणून तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम मी मानतो. ‘सारे क्लाउडवर टाकावे, पेटीची कटकट कशाला’ असे म्हणणारे मित्र आहेत. बाहेरची एक प्रत म्हणून क्लाउड उत्तम. परंतु परवलीचा शब्द हरवला, खाते बंद झाले, तर दाद कोठे मागावी? आपली वही आपल्या घरीही असली पाहिजे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, आणि कंपनी कायद्याने आठ वर्षे दप्तर सांभाळणे आपल्यावर बंधनकारक आहे. डिस्कची हमी बहुधा त्याआधीच संपते. ती असली तरी हमीत लोखंड बदलून मिळते, मजकूर नव्हे. उलट परत केलेल्या डिस्कबरोबर आपले हिशेब परक्या हाती जातात. त्यासाठी आरंभीच मजकूर कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक करून ठेवावा. मेलेली डिस्क मागाहून पुसता येत नाही.

संघामार्फत सर्वांसाठी एकदम डिस्क खरेदी करून घाऊक भाव मिळवावा, अशी सूचना काही सभासदांनी मांडली आहे. भावाच्या दृष्टीने ती योग्य आहे. तरीही एका सभासदाच्या पेटीत एकाच खोक्यातील दोन डिस्क जाऊ नयेत, असा माझा आग्रह आहे. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर घडलेल्या वस्तूत दोष असेल तर तो दोहोंत असेल, आणि त्या एकाच सुमारास जातील. बारा टेराबाइटची डिस्क पुन्हा भरून काढायला सगळे सुरळीत चालले तरी सोळा-सतरा तास लागतात. तेवढ्या वेळात जोडीदारीण जगली पाहिजे. भावातील शंभर-दोनशे रुपयांसाठी हा धोका पत्करू नये. संघाने खर्च करावयाचाच असेल तर प्रत्येक सभासदाला डिस्कचा अनुक्रमांक लिहून चिकटविण्याच्या चिठ्ठ्या वाटाव्यात, आणि वर्षातून एक रविवार सर्वांनी आपापल्या पेटीची रोजकीर्द घेऊन कार्यालयात जमावे. तरुण मंडळी वाचून दाखवतील, आपण प्रश्न विचारू.

आमच्या दोन्ही डिस्कांवर आता पुतण्याच्या अक्षरात अनुक्रमांक आहेत. तिसरी डिस्क कोल्हापूरला मुलीच्या घरी असते आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलून येते. गेल्या दिवाळीत ती आणली, तेव्हा खात्री करण्यासाठी एक जुने वर्ष तीवरून परत उतरवून पाहिले. पाच फायली सोडून सगळे उतरले. त्या पाच का उतरल्या नाहीत, याचा शोध अद्याप चालू आहे. केबल पहिल्या दिवशीच बदलून झाली.