आधी माद्या, मग शिंगे

संपादक महोदय,


टेक्सासमधल्या शिकारसहलींचा विषय मराठी माणसांत निघाला की दोनच सूर ऐकू येतात. ह्यूस्टन-डॅलसकडे स्थायिक झालेल्या कुणी मारलेल्या चितळासोबतचा फोटो टाकला की इकडचे नातेवाईक हळहळतात, ‘आपलं’ चितळ मारलं म्हणून चिडतात. आणि ज्यांना अशी सहल करायची असते, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: शिंगे किती इंचांची मिळतील? दोन्हीकडे चुकते आहे. टेक्सासात चितळ मारण्यात गैर काही नाही. तिथल्या रानाला त्याची गरजच आहे. पण ती गरज देखण्या नराला टिपून भागत नाही, माद्या कमी करून भागते. सहलीचा बेत तिथून सुरू झाला पाहिजे.

चितळ आणि काळवीट टेक्सासच्या हिल कंट्री भागात १९३२च्या सुमारास आले. त्याच काळात दक्षिणेकडच्या किंग रँचवर प्राणिसंग्रहालयांतून आणलेल्या नीलगाई सोडल्या गेल्या. विदर्भात शेतकरी ज्याला रोही म्हणतो, तोच हा प्राणी. पुढे १९५०च्या दशकातल्या भीषण दुष्काळाने गुरांचा धंदा मोडकळीला आला आणि जमीनमालकांना उत्पन्नाची नवी वाट हवी होती. कर्व्हिलजवळच्या वाय. ओ. रँचने परदेशी प्राण्यांची शिकार विकायला घेतली, ती याच दशकात. आज चितळ कुंपणाबाहेरही मोकळे फिरतात, नदीकाठच्या ओक झाडांखाली शेकड्यांनी दिसतात.

कायद्याच्या नजरेत मात्र देशी आणि परदेशी हरणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हाइटटेल हे तिथले मूळचे हरीण राज्यातल्या जनतेच्या मालकीचे. त्याला हंगाम आहे, प्रत्येक काउंटीची मर्यादा आहे, मारल्याबरोबर परवान्याचा टॅग लावावा लागतो. चितळ, काळवीट, नीलगाय आणि सिका हरीण या परदेशी प्राण्यांना हंगाम नाही आणि मर्यादाही नाही. परवाना आणि जमीनमालकाची संमती एवढे पुरते. राज्यातली ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. त्यामुळे परदेशी हरणांपैकी कोणते, किती आणि कधी मारायचे हे तिथे वनखाते ठरवत नाही, मालकाचे दरपत्रक ठरवते. खरी अडचण इथेच आहे.

हे रान किती नाजूक आहे, हे हिल कंट्रीतल्या ‘कर’ वन्यजीव क्षेत्रातल्या एका जुन्या प्रयोगाने दाखवून दिले. १९७१ साली तिथल्या अभ्यासकांनी ९६ एकरांच्या कुंपणबंद तुकड्यात सहा व्हाइटटेल आणि सहा सिका हरणे एकत्र सोडली. ना शिकार, ना वरचा चारा. काही वर्षांत सिकांची संख्या साठीच्या पुढे गेली आणि दशक संपता संपता शेवटचे व्हाइटटेल मेले. कारण पोटात आहे. व्हाइटटेल कोवळी पाने, झुडपांचे शेंडे आणि रानफुलांच्या रोपट्यांवर जगते. जून गवत त्याला पचत नाही. सिका आणि चितळ आधी तीच पाने फस्त करतात आणि ती संपली की निवांत गवताकडे वळतात. व्हाइटटेलला वळायला जागाच नसते. ते भुकेने मरते, आणि हे घडत असताना शेजारी चितळांचा कळप धष्टपुष्ट दिसतो म्हणून मालकाला आपले रान उत्तम आहे असेच वाटते.

आता या पार्श्वभूमीवर नेहमीचे ‘पॅकेज’ पाहावे. एक व्हाइटटेल नर, एक चितळ नर, जोडीला हौस असेल तर काळवीट. नराला हजारो डॉलर, मादीला काहीशे. कळपातले दोन-चार नर गेले तरी उरलेला एखादा सगळ्या माद्यांना पुरतो. पुढच्या वर्षी पाडसे तेवढीच. मालकाच्या दृष्टीने माद्या म्हणजे भांडवल, म्हणून तो त्या राखून ठेवतो. अशा सहलीला ‘संवर्धनाला हातभार’ म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

शिवाय हे पॅकेज निसर्गाच्या वेळापत्रकातही नीट बसत नाही. व्हाइटटेलचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि जानेवारीत सरतो. चितळांचा माज मात्र उन्हाळ्यात, मे ते जुलैच्या सुमारास भरात असतो. बहुतेक नरांची शिंगे तेव्हा पक्की असतात. नोव्हेंबरात गेलेल्याला अनेक चितळ नर शिंगे गळालेले किंवा मखमली कातडीतली कच्ची शिंगे मिरवणारे दिसतील. एकाच आठवड्यात दोन्हींची उत्तम शिंगे देण्याची हमी कुणी देत असेल तर सावध व्हावे. मादीला ही अडचण नाही. नोव्हेंबरात एक व्हाइटटेल आणि दोन-तीन चितळ माद्या, हा बेत वर्षानुवर्षे जमेल असा आहे, खिशालाही परवडणारा आहे आणि शीतपेटी मांसाने भरणारा आहे.

मादी मारणे सोपे असते, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. पहाटे लपणात बसले की ठरल्या वेळी फीडरची चकती काही सेकंद फिरते, मका चहूकडे उडतो आणि झाडीतून कळप बाहेर येतो. चितळे एकमेकांना खेटून उभी राहतात. एकीच्या आरपार गेलेली गोळी मागच्या दुसरीला लागू शकते, म्हणून ती बाजूला सरकेपर्यंत बोट चापावर न्यायचे नाही. आणि चितळाला वर्षातल्या कुठल्याही महिन्यात पाडस असू शकते. कास भरलेली आहे का, मागून पिल्लू येते आहे का, हे दुर्बिणीतून निरखायला वेळ द्यावा लागतो. पाडसामागे उभी असलेली मादी सोडून द्यायची. नराची शिंगे मोजण्यापेक्षा या कामाला जास्त कौशल्य आणि जास्त संयम लागतो, आणि शिकाऱ्याची पारख इथेच होते.

कागदपत्रांबाबतही आपली माणसे गाफील राहतात. टेक्सासबाहेरून येणाऱ्याला ४८ डॉलरचा पाच दिवसांचा विशेष परवाना मिळतो. त्यावर चितळ आणि नीलगाय मारता येते, व्हाइटटेल नाही. त्यासाठी ३१५ डॉलरचा सर्वसाधारण परवानाच हवा. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, एच-१बीसारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्याने अमेरिकेत बंदूक बाळगणे हा केंद्रीय कायद्याने एरवी गुन्हा आहे. वैध शिकार-परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. मित्राची बंदूक नुसती हातात घेण्यापूर्वी तो परवाना खिशात असला पाहिजे. मारलेल्या व्हाइटटेलचे डोके आणि पाठीचा कणा वाटेत कुठेही फेकू नये. हरणांना झिजवून मारणारा सीडब्ल्यूडी हा रोग टेक्सासात २०१२ साली प्रथम आढळला, आणि अवशेषांच्या विल्हेवाटीचे नियम त्यामुळेच आले.

रँचवाल्यांची बाजूही वजनदार आहे, ती नाकारता येणार नाही. वाळवंटातला सिमिटार ओरिक्स २००० साली निसर्गातून नामशेष म्हणून जाहीर झाला, तेव्हा टेक्सासच्या कुंपणांत त्याचे मोठे कळप होते. शिकाऱ्याने मोजलेल्या पैशांमुळेच मालकांनी ते पोसले. २०१६ पासून चाडमध्ये हा प्राणी पुन्हा मोकळा सोडला जातो आहे. पाकिस्तानातल्या लाल सुहानरा उद्यानातही काळवीट परतले ते टेक्सासातून. पण ओरिक्सचे पुण्य चितळाच्या खात्यात जमा करता येत नाही. मेळघाटपासून ताडोबापर्यंत चितळ आपल्या रानात विपुल आहे. त्याला जगवायला टेक्सासची गरज नाही, आणि टेक्सासच्या रानालाही त्याची गरज नाही.

म्हणूनच इथून हळहळणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याला संरक्षण द्यायचे ते त्याच्या स्वतःच्या माळावर. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. काळवीट त्याच्या हद्दीबाहेर शेतांत आणि उरल्यासुरल्या माळरानांवर चरायला जातात, आणि ती माळराने सरकारदरबारी ‘पडीक’ ठरतात. हिल कंट्रीतल्या एका काळविटासाठी जेवढा राग येतो, तेवढा सोलापूर-अहिल्यानगरकडचा एखादा माळ नांगरला जाताना यायला हवा.

आपल्या मासिकात पर्यटनाचे सदर आहे, परदेशस्थ वाचकही भरपूर आहेत. अशा सहलींची माहिती छापाल तेव्हा दरपत्रकाबरोबर हेही छापावे, की अनामत रक्कम भरण्याआधी मालकाला काय विचारायचे: कुंपण उंच आहे की हरणे मोकळी ये-जा करतात, चितळांची मोजणी कधी झाली, गेल्या हंगामात किती माद्या काढल्या, आणि व्हाइटटेलचा चारा म्हणून असलेल्या झुडपांची खालची पाने शिल्लक आहेत का. टेक्सासातल्या लॅग्युना अटास्कोसा या सरकारी वन्यजीव आश्रयस्थानात व्हाइटटेल आणि नीलगाय या दोन्हींची शिकार परवाना पद्धतीने होते, हेही सांगावे; खासगी रँचचे दर न परवडणाऱ्याला तो रस्ता मोकळा आहे. माद्यांचा आकडा विचारल्यावर जो मालक विषय बदलतो, त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

आपला,
एक नियमित वाचक