चौथ्या सीटवरची कंबर आणि आपले हात

चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. त्यातले निम्मे अंतर तरी जो चौथ्या सीटवर काढतो, त्याची एक मांडी बाकावर असते, दुसरी हवेत, आणि त्या बाजूचा पाय उभ्या असलेल्यांच्या चपलांमधून जागा शोधत खाली रोवलेला. रात्री नवाच्या सुमारास तो लोकलमधून उतरून थेट आपल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये येतो आणि पाठीवरची बॅगही न उतरवता म्हणतो, "डॉक्टर, कंबर जरा रगडून द्या." वसई-विरार पट्ट्यातल्या वाचकांना हा रुग्ण नवा नाही. त्याच्या शेजारी आगाशी-बोळींजकडची मोगऱ्याच्या कळ्या खुडणारी बाई असते, जाळे ओढून ओढून खांदा धरलेला अर्नाळ्याचा खलाशी असतो, वालीव-सातिवलीच्या गाळ्यात दिवसभर उभा राहणारा कामगार असतो. तक्रारी वेगळ्या, पण मागणी सगळ्यांची एकच, की हात लावा.

आपण मात्र पुष्कळदा हात लावत नाही. आयएफटीचे पॅड चिकटवतो, पडदा ओढतो आणि यंत्राची घंटी वाजली की पॅड काढतो. यंत्रांमुळे एका वेळी चार पडद्यांआडचे चार रुग्ण सांभाळता येतात, हे त्यामागचे उघड कारण आहे आणि जागेचे भाडे भरणाऱ्याला ते नाकारता येणार नाही. दुसरे कारण आपण सहसा बोलून दाखवत नाही. "म्हणजे मालिशच ना?" असे कोणी विचारले की आपल्याला लागते. स्पावर पडलेल्या धाडींच्या बातम्या वाचल्या की ते अधिकच लागते.

ही लाज आपल्या व्यवसायाइतकीच जुनी आहे. १८९४ साली लंडनमध्ये काही परिचारिकांनी सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस ही संस्था काढली, ती याच कारणाने. मालिशच्या पाटीआड त्या शहरात भलतेच धंदे चालत होते आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यावर टीकेची झोड उठवली होती. प्रशिक्षण घेतलेल्या बायकांना आपले काम आणि आपली अब्रू दोन्ही राखायची होती. पण त्यांनी हात मागे घेतले नाहीत. परीक्षा आणि नियम आणले. आजची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी ही त्याच संस्थेचे पुढचे रूप. आपल्याकडे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली, तेव्हा समोर पोलिओने लुळे पडलेले पाय होते. स्नायूत किती जीव उरला आहे हे तिथे हातानेच चाचपून ठरत असे.

आणि आपले हात रुग्णाच्या अंगाला लागणारे पहिले हातही नसतात. उसण भरल्यावर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेणारे लोक अजून आहेत. बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बाईची वेळ मिळवायला नालासोपाऱ्याच्या सोसायट्यांत आजही ओळख लागते. कोणी गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या गरम कुंडांत बुडी मारून आलेला असतो. या सगळ्यांनी काही काळ बरे वाटते, हे रुग्णाला अनुभवाने ठाऊक आहे. आपल्याकडे राज्य परिषदेची नोंदणी आहे, शरीररचनेचे ज्ञान आहे. त्यातून आपण त्याला जास्तीचे काय देतो?

दुर्दैवाने अनेकदा देतो त्या थापा. 'गाठ फोडली', 'फॅशिया मोकळा केला', 'चिकटलेले सोडवले', 'लॅक्टिक ॲसिड काढून टाकले.' २००८ मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी फॅशियाचे गणिती प्रारूप मांडले. मांडीच्या बाहेरचा फॅशिया लाटा किंवा तळपायाचा प्लांटर फॅशिया जेमतेम एक टक्का दाबायचा तरी लागणारे बळ माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचे निघाले. लॅक्टिक ॲसिडची गोष्ट तर त्याहून सोपी आहे. व्यायाम थांबला की साधारण तासाभरात शरीर ते आपणच निस्तरते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावून एकाच पायाला मालिश केली आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे तुकडे तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. फरक होता तो दाहाच्या संदेशांत. मालिश केलेल्या पायात ते कमी होते. विरारच्या मॅरेथॉननंतर धावपटूंच्या पोटऱ्या चोळणाऱ्यांनी आणि जीवदानीच्या तेराशेहून अधिक पायऱ्या चढून आलेल्यांवर सोमवारी उपचार करणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावे. हाताचा परिणाम होतो, फक्त आपण सांगतो तो नव्हे.

मग होते काय? मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये गेट कंट्रोलची कल्पना मांडली तेव्हापासून उत्तराची दिशा माहीत आहे. स्पर्श आणि दाब यांमुळे मज्जासंस्था वेदनेचा आवाज काही काळ खाली आणते, स्नायूची राखण सैल पडते, मान काही अंश जास्त वळते. 'काही काळ' हे शब्द महत्त्वाचे. कंबरदुखीवरील मालिशचा कॉक्रेन आढावा २०१५ मध्ये अद्ययावत झाला. त्यात २५ चाचण्या होत्या. तात्पुरता आराम दिसला, लांबचा दिसला नाही, आणि पुराव्याचा दर्जाही कमी ठरला. ब्रिटनच्या नाइसने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी हाताच्या उपचारांना जागा दिली, पण व्यायामासोबतच, एकट्याने नाही. जेम्स सिरियॅक्सचे डीप फ्रिक्शन आपण सगळे शिकलो: तेल न लावता, नेमक्या जागी, तंतूंना आडवे, बोट आणि कातडी एकत्र सरकवत. टेनिस एल्बोवर त्याचा उपयोग ठामपणे सिद्ध करण्याइतका पुरावा २०१४च्या आढाव्याला सापडला नाही. म्हणून ते टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. दोन मिनिटांच्या फ्रिक्शननंतर मूठ वळताना दुखणे कमी झाले, तर ते दुखणे परतायच्या आत मनगटाला भार देणारा व्यायाम करून घ्या, एवढेच म्हणतो.

आमचा सगळा आग्रह या एका क्रमाचा आहे. हाताने मिळालेली मोकळीक त्याच भेटीत, त्याच टेबलाशेजारी हालचालीत वापरली गेली पाहिजे. शेवटच्या पाच मिनिटांत रुग्ण पालथा पडून डोळे मिटून असेल तर हाताने कमावलेले आपण तिथेच सोडून दिले. इतर गावांत हा कदाचित निव्वळ तत्त्वाचा मुद्दा असेल. इथे तो वेळापत्रकाचा आहे. ज्याचे दिवसाचे तीन तास डब्यात जातात, त्याला दहा सिटिंगचे पॅकेज विकणे म्हणजे चौथ्या सिटिंगनंतर तो येणार नाही हे ठाऊक असून पैसे आगाऊ घेणे. रविवारचा एक आणि मधला एक, अशा दोन-तीन आठवड्यांच्या भेटींत बसेल असा उपचार आखायला हवा. चौथ्या सीटवाल्याला 'ताठ बसा' सांगून काय होणार? त्याला सांगा, जाताना या बाजूच्या बाकावर बसला असाल तर येताना त्या बाजूच्या, म्हणजे हवेत राहणारी मांडी बदलेल. आणि नायगाव गेले की उभे राहा. कळ्या खुडणाऱ्या बाईला 'वाकू नका' हा सल्ला निरर्थक आहे. तिला वाकायची ताकद वाढवून द्या.

आता थोडे आपल्याच अंगठ्यांविषयी. दिवसाला पंधरा-वीस पाठी अंगठ्याने दाबणाऱ्या कितीतरी सहकाऱ्यांचे अंगठ्याच्या बुडाचे सांधे पस्तिशीतच कुरकुरू लागले आहेत. कोपर, मुठीचा मागचा भाग, पुढचा हात वापरा. टेबलाची उंची स्वतःच्या उंचीला बेतून घ्या. स्वस्तात मिळाले म्हणून आणलेले टेबल फार महाग पडते. धातूच्या पट्टीने पाठ खरवडून उठलेले लाल-निळे वळ मोबाइलवर मिरवणाऱ्यांना मात्र सहानुभूती नाही. त्वचेखाली रक्त उतरले, यापलीकडे तो वळ काहीही सिद्ध करत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यावर असला प्रयोग करणे हा सरळ निष्काळजीपणा आहे. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल आणि रुग्ण नुकताच लांबच्या प्रवासातून किंवा शस्त्रक्रियेतून आला असेल, तर तिला हात लावू नका. त्याला आधी डॉपलरला पाठवा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला 'किती दुखते' हे विचारून दाब ठरवता येत नाही.

या मासिकाकडे केस पाठवणाऱ्यांसाठी पुढच्या अंकापासून एक अट. हात लावण्यापूर्वीचे एक माप आणि नंतरचे तेच माप केसपेपरवर हवे. मान किती अंश वळली, वाकल्यावर बोटे जमिनीपासून किती सेंटिमीटर राहिली, काहीही चालेल. पुढच्या भेटीला रुग्ण आल्याबरोबर, टेबलावर झोपण्याआधी घेतलेला तिसरा आकडाही हवा. हा तिसरा आकडा बहुतेक वेळा पहिल्याच्या जवळ परतलेला असेल. त्या केसेस आधी पाठवा. 'पूर्ण आराम पडला' असे लिहिलेल्या केसेसचा साठा आमच्याकडे पुढची दोन वर्षे पुरेल एवढा आहे.