पुडे किती, दर किती: छोट्या प्रोग्रामला बाहेरचं पॅकेज कशाला?

८ सप्टेंबर २०२५ ला 'चॉक', 'डीबग' अशा अनेक लोकप्रिय एनपीएम पॅकेजेसमध्ये घातक कोड घुसवला गेला. खोट्या ईमेलमुळे ती सांभाळणाऱ्याचं खातं हल्लेखोरांच्या हाती लागलं होतं. चॉकचं काम काय, तर टर्मिनलवरची अक्षरं रंगीत करणं. एवढ्याशा सोयीसाठी आपण किती अनोळखी लोकांवर विसंबतो, हे त्या दिवशी दिसलं.

आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे याला आणखी एक बाजू आहे. भामरागड, एटापल्लीच्या कित्येक गावांत धड रेंज नसते. तिथे मोबाइलवर टर्मक्स टाकून कोडिंग शिकताना प्रत्येक जादा पॅकेज म्हणजे आणखी एक डाउनलोड.

उदाहरण घेऊ. तेंदूपत्त्याची मजुरी शेकडा पुड्यांमागे ठरते. समजा, तुम्ही हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. चालवताना त्याच्या नावापुढे आपण जे टाइप करतो, ती कमांड लाइन आर्ग्युमेंट्स. पायथॉन ती 'सिस डॉट आर्गव्ही' या यादीत आयती देतो. सगळ्यात सोपी पद्धत: '३५० ७००'. आधी पुडे, मग दर. उत्तर २,४५० रुपये.

आता आकडे उलटे टाका. उत्तर तेच! शेवटी गुणाकारच तो. पण नोंदीत पुडे दुप्पट झाले. मजुरी बरोबर दिसते, म्हणून चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. जिथे ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकते, तिथे ठेकेदारासमोर अशी वही ठेवणं महागात पडेल.

म्हणून मला वाटतं, मिनिमल म्हणजे कमीत कमी ओळी नव्हे; चूक लपणार नाही इतपतच कोड. '--पुडे ३५० --दर ७००' असं लिहिलं की क्रम बदलला तरी बिघडत नाही. नावं मराठीत चालतात, आणि पायथॉनचं 'इंट' देवनागरी आकडेही ओळखतं. दर टाकायचा राहिला, तर प्रोग्रामने शून्य धरून पुढे जाऊ नये. थांबून 'दर दिला नाही' असं सांगावं. एवढं काम थोड्या ओळींत होतं. पर्याय वाढले, तर 'आर्गपार्स' आहेच. ते पायथॉनसोबतच येतं, वेगळं डाउनलोड नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी पॅकेज इन्स्टॉल करण्याआधी एवढंच बघा: हे काम भाषेत आधीच होतंय का?