बाप बुटका म्हणून पोर बुटकं?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एक वाक्य फार ऐकू येतं. अंगणवाडीतलं पोर वयाच्या मानानं लहानखुरं दिसलं की शिकलेसवरलेले लोकही म्हणतात, "अहो गुरुजी, बापच बुटका, पोरगं कुठून उंच होणार?" एकदा सारं रक्तावर ढकललं की सरकारला काही करायला नको आणि गावालाही. या वाक्याचा मला मनस्वी राग येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये मुलांच्या वाढीचे तक्ते काढले. त्यासाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत अशा सहा देशांतली मुलं मोजली होती. आपल्याकडची मुलं दिल्लीतल्या सुखवस्तू घरांतली. आईचं दूध, पुरेसा आहार, स्वच्छता आणि औषधपाणी मिळालं, तर सगळीकडची मुलं पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढतात, असं दिसून आलं. या तक्त्यांनुसार दोन वर्षांचा मुलगा साधारण ८७ सेंटिमीटर असतो. ८१ च्या खाली असला तर तो खुजा. आईबापाच्या उंचीचा वाटा असतोच, पण राज्यातली शंभरातली पस्तीस मुलं तेवढ्यानं खुजी होत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. म्हणजे घटलं नाहीच.

वाढ खुंटायला सुरुवात होते ती आईच्या पोटात. अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न, अंगात रक्त कमी, दोन बाळंतपणांत अंतर नाही. मग बाळ जन्मतःच कमी वजनाचं. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं म्हणून पातळ पेज, त्यात वारंवार हगवण. दोन वर्षं अशी गेली की पुढे ती उंची भरून निघणं फार कठीण.

आता कापसाकडे या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सातव्या महिन्यातली बाई घरी बसली की तिची कमाईही बसली. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ती पुन्हा पऱ्हाटीत. बाळ आजीजवळ, नाहीतर धुऱ्यावरच्या झोळीत. त्याला वेळेवर अंगावर कोण पाजणार? संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. वेचणीवाल्या बाईला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये. एवढ्यात तिनं किती दिवस विसावा घ्यायचा?

आणि तिला आपण काय देतो? भिंतीवर रंगवलेला आहाराचा तक्ता! अंडं, दूध, फळं खावीत हे तिला कळत नाही असं समजणारे महाभाग एकदा तिच्या घरातला डबा उघडून पाहतील तर बरं.

२०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा पूर्ण जेवण मिळतं. योजना चांगली आहे, पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती. शेजारच्या गावातली बाई तोच कापूस वेचते, तिच्या पोटातल्या बाळाला भूक वेगळी असते का? हे जेवण प्रत्येक गावात मिळालं पाहिजे, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई बाळंतपणाच्या आधी हातात पडली पाहिजे.

वाचकहो, पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि सभामंडपाच्या आधी एवढंच विचारा : आपल्या अंगणवाडीत दोन वर्षांची मुलं किती, आणि त्यातली खुजी किती? उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा.