तिकीट खिडकी बंद करून कोणाचे भले?

संपादक महोदय,

‘मोबाइल असताना तिकीट खिडकी कशाला?’ असे विचारणाऱ्या आपल्या अंकातील लेखाला हे उत्तर.

ज्येष्ठांची सवलत खिडकीवरचा कारकून नाकारतो, हे लेखकाचे विधान चूक आहे. ती सवलत रेल्वेनेच मार्च २०२० मध्ये थांबवली. कारकुनाच्या हाती ती उरलेलीच नाही.

आता मोबाइलचे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गडचिरोली-यवतमाळकडूनही रुग्ण येतात. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत भाडे पूर्ण माफ आहे. मात्र ते तिकीट प्रमाणपत्र दाखवून खिडकीवर काढावे लागते. मोबाइलवरचे वेटिंग तिकीट चार्ट लागताच रद्द होते. खिडकीवरचे हातात असले तर निदान जनरल डब्यातून जाता येते. सेवाग्रामहून मुंबई गाठणाऱ्या गरिबाला हा फरक फार मोठा आहे.

आणि कारकून म्हणे ‘बसून पगार घेतो’! ड्यूटीवर येताच खिशातले पैसे त्याला लिहून द्यावे लागतात. हिशेबात रक्कम कमी पडली तर पदरची भरावी लागते.

रांग हळू सरकते, एवढे मान्य. मग लेखकाने खिडक्या वाढवायला सांगावे.

आपला,
एक निवृत्त बुकिंग क्लार्क, पुलगाव (जि. वर्धा)